धाकट्या भावंडासह शाळेत

बालशिक्षणाच्या चर्चेत ‘मुलाचा स्वीकार’ ही संज्ञा बहुधा कौतुकाच्या अर्थाने वापरली जाते. मूल ज्या घरातून आणि ज्या कामांतून येते ते सारे गृहीत धरून शाळेने स्वतःची घडी बदलणे, हा तिचा अधिक अवघड अर्थ मात्र मागे पडतो. या दुसऱ्या अर्थाचा महाराष्ट्रातील ठळक प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा होय. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाला आरंभ केला, आणि १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले.

पाड्यावरची मुले शाळेत येत नव्हती. आळस किंवा अनास्था असा शेरा मारून हा प्रश्न निकालात काढणे सोपे होते. परंतु मूल त्या वेळी कोठे असते याचा शोध घेतला असता, कोणी गुरे राखत असे आणि कोणी, विशेषतः मुली, आईबाप मजुरीला गेल्यावर धाकटे भावंड सांभाळत असे, हे दिसून आले. म्हणून मुलांच्या अंगणातच भरणारी बालवाडी, म्हणजे अंगणवाडी, आकाराला आली. गुराख्यांसाठी चराईच्या रानातच कुरणशाळा भरू लागली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, जिच्यामुळे बहिणीला भावंड कडेवर घेऊन शाळेत येता आले. गैरहजेरी हा मुलाचा दोष न मानता त्याच्या दिनक्रमाविषयीची माहिती मानणे, हे या साऱ्या रचनेचे मर्म होते, आणि मुलाच्या पाठीवरून फिरवलेल्या हातापेक्षा त्यात त्याची दखल अधिक खोलवर घेतलेली होती.

या कामात मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे यांनाही स्थान होते. येथे थोडे थबकले पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या सुशिक्षिताने आदिवासी मुलाला स्वच्छ करण्यात ममतेइतकाच कमीपणा देण्याचा धोकाही असतो. तीच कृती चारचौघांत नाक मुरडून केली तर मुलाला आपल्या घराची लाज वाटू लागते, आणि अशी लाज पुढे कितीही पाठ शिकवले तरी सहजी पुसली जात नाही.

१९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली, हेही मोलाचे आहे. तथापि मनाईने केवळ अपाय थांबतो; मुलाचा स्वीकार त्यातून साधत नाही, त्यासाठी वेळ द्यावा लागतो. आज अंगणवाडी सेविकेला पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि सर्वेक्षणे सांभाळावी लागतात. या कामांचे मोल वादातीत असले, तरी न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन काही वेळ बसण्यासाठी तिच्या दिवसात जागा राखून ठेवण्याचा विचार प्रशासनाने अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला दिसत नाही.