थेंबथेंब

लोहारा, मे महिना. खिडकी रंगवून महिना झाला. आज दुपारी तिचं दार चौकटीला असं चिकटलं, की उघडताना रंगाचा पापुद्राच निघाला. पेंटर म्हणतो, "काका, उनानं होते हे. कलर चांगलाच हाये." ऊन तर आहेच. पण रंगात राळ कुठली वापरली असेल?

*

तळोज्यातली, अशी राळ बनवण्याची उमेदवारी आठवली. व्हिनाइल ॲसिटेट ८० ग्रॅम, ब्युटाइल ॲक्रिलेट २०. पहिल्याचं पॉलिमर साधारण ३० अंशांखाली कडक होतं. दुसऱ्याचं थेट उणे ५४ पर्यंत मऊ. मी दोन्ही एकदम पाण्यात ओतली. पाण्याला निळसर झाक आली, मग दूध. वाटलं, जमलं. काचेवर वाळवलं तर चिकटही आणि तडकलेलंही!

*

हिशेब नंतर कळला. रेणू मोजले तर ब्युटाइल शंभरात चौदाच. पण पॉलिमरची वाढती साखळी आधी त्यालाच उचलते. पहिल्या साखळ्यांत ते साठाच्या आसपास जातं. ते संपलं की मागे नुसतं व्हिनाइल. एका भांड्यात दोन माल. मेयो आणि लुईस या रसायनशास्त्रज्ञांनी ही आवडनिवड १९४४ मध्येच समीकरणात बसवली होती. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

*

उपाय म्हणजे ठिबक, इथल्या कपाशीला देतात तसं. भांड्यात पाणी, साबण, चिमूटभर खायचा सोडा (नाहीतर व्हिनाइल फुटून व्हिनेगरचा वास सुटतो). थोडं मिश्रण आधी, बीज म्हणून. उरलेलं तीन-चार तास थेंबथेंब. भांडं उपाशीच ठेवायचं. पडलेला थेंब लगेच खपला, तर बाटलीतलं प्रमाण तसंच साखळीत उतरतं. निवडायला काही उरतच नाही.

नजर कंडेन्सरवर. व्हिनाइल ७२ अंशांच्या पुढेमागे उकळतं. काचेतून थेंब भराभर परतू लागले, की आत साचतंय. ठिबक बंद. आमचे फोरमन तापमापीकडे क्वचितच बघत.

*

पुढे प्रमाण मुद्दाम बदलायलाही शिकलो. आधी मऊ मिश्रण, शेवटच्या तासाला कडक. कण आतून मऊ, वरून टणक साल. असल्या राळेच्या रंगाची दारं उन्हात सहसा चिकटत नाहीत.

*

पेंटरला यातलं काही सांगितलं नाही. चौकटीच्या कडांना मेणबत्ती घासली. दार सुटं झालं.