घर घेण्यापूर्वी चालून पाहा

आपल्या समाजातला माणूस घर घेतो तेव्हा तो केवळ चार भिंती विकत घेत नाही. गावकुसाबाहेरची झोपडी, मुंबईच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि मग स्वतःच्या नावाचे घर, असा तीन पिढ्यांचा हा प्रवास असतो. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, तरी त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरला 'राजगृह' बांधले आणि तिथे ग्रंथांना मानाची जागा दिली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कल्याण पूर्वेला घर शोधू लागलो. एके ठिकाणी दार उघडण्याआधीच आडनाव विचारले गेले. सांगितल्यावर मालकाचा विचार बदलल्याचे कळले. सौ. म्हणाली, "अहो, जिथे बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत ठेवावा लागेल, ते घर फुकट मिळाले तरी नको."

शेवटी दोन घरे उरली. एक हमरस्त्यालगतच्या नव्या संकुलात. मोठे, बागेचे, पण स्टेशनला रिक्षाशिवाय जाता येत नव्हते. दुसरे जुन्या इमारतीत, एक खोली कमी. रविवारी आईला घेऊन दोन्हीकडे पायी फिरलो. नव्या संकुलाबाहेर पदपथच नव्हता. आई म्हणाली, "इथं पाय टाकायला जागा नाही, मी काय घरात कोंडून घेऊ?" दुसरीकडे भाजीबाजार, शाळा, दवाखाना आणि बुद्धविहार दहा मिनिटांत, स्टेशन वीस मिनिटांत.

मी कारकून माणूस, हिशेब मांडला. शेअर रिक्षाचे वीस रुपये धरले, तर जाऊन-येऊन तिघांचे रोज एकशे वीस. पंचवीस दिवसांचे तीन हजार. कर्ज वीस वर्षांचे, म्हणजे भाडेवाढ न धरताही सात लाख वीस हजार! एवढ्या रकमेचा विचार जाहिरातीतल्या किमतीत कुठेच नसतो. आम्ही लहान घर घेतले.

ते सौ.च्या नावावर घेतले. घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल, तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी आग्रह धरून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी सवलत नसती तरी हे करायला हवे. नवे घर घेणाऱ्यांनी २०१६ चा रेरा कायदाही समजून घ्यावा. क्षेत्रफळ चटईक्षेत्राप्रमाणेच विचारावे. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

फ्लॅटमध्ये गेलेला माणूस वस्तीला विसरतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्यात माणसाचा दोष असतोच, पण अंतराचाही असतो. विहारात जायला शंभर रुपये लागले तर म्हातारी माणसे घरीच बसतात. आज आमची आई दर पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून, कुणाचीही वाट न पाहता वंदनेला जाते. येताना शेजारच्या दोन मुलींनाही बाबासाहेबांच्या गोष्टी सांगत आणते.

बंधू-भगिनींनो, घर जरूर घ्या. पण बयाणा देण्यापूर्वी घरातल्या सर्वात वृद्ध माणसाला आणि सर्वात लहान मुलाला घेऊन त्या रस्त्याने एकदा चालून पाहा.

जयभीम!