भेटीचा उद्देश : पर्यटन

आमच्या दोघांच्या पासपोर्टांवर आजवर दोनच कामांचे शिक्के आहेत. एक कुवेतचा, पोटासाठी. दुसरा सौदीचा, हजसाठी. कोकणातल्या मुसलमानाला परदेश नवा नाही. आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरांतून एखादा तरी माणूस आखातात नाहीतर बोटीवर असतो. पण नुसतं बघायला म्हणून कुणी परदेशी गेल्याचं आम्हाला आठवत नाही. म्हणूनच न्यूझीलंडच्या व्हिसाच्या अर्जात भेटीच्या उद्देशापुढे ‘पर्यटन’ लिहिताना हात अडखळला. काहीतरी चोरून करतोय असं वाटलं.

आमच्यापैकी एकाने बावीस वर्षं कुवेतच्या रस्त्यांवर माल पोहोचवणारी गाडी चालवली. रस्ता बघण्यासाठी गाडी कधी थांबवली नाही, कारण उशीर झाला की पगार कापला जायचा. आता मुलं मार्गी लागली आहेत. तेव्हा ठरवलं की एकदा आपल्या मर्जीने गाडी चालवायची आणि वाटेल तिथं थांबायचं. न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात आणि आपला इंग्रजीतला परवाना तिथं चालतो. त्यामुळे देश ठरायला वेळ लागला नाही.

नकाशा मात्र चार वेळा बदलला. पहिल्या वेळी आम्ही दहा दिवसांत दोन्ही बेटं बसवली होती. मुलगी हसली. म्हणाली, “अब्बा, ही पुन्हा डिलिव्हरीच झाली.” मग उत्तर बेट काढून टाकलं आणि दक्षिण बेटाला चौदा दिवस दिले. तिथं मोकळ्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर असली तरी रस्ते वळणांचे आणि बहुतेक दुपदरी आहेत. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड हे अंतर सुमारे २९० किलोमीटर, पण एका बाजूलाच चार तास लागतात. शेवटच्या टप्प्यात १९५४ साली खुला झालेला, डोंगरातून खोदलेला सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा आहे. त्याआधी ते आनाऊ गावात पेट्रोल भरून घ्यायचं. तेव्हा ते आनाऊला दोन रात्री मुक्काम लिहिला. एकपदरी पुलांचा नियमही पाठ केला : लहान बाण लाल असेल तर आपण थांबायचं.

मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, रत्नागिरीच्या जवळजवळ दुप्पट. “पाऊस बघायला एवढे पैसे?” असं शेजाऱ्यांनी विचारलं. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खाण्याचा आणि नमाजचा प्रश्न वाटला तेवढा अवघड निघाला नाही. तिथल्या अनेक कत्तलखान्यांत निर्यातीसाठी हलाल पद्धतीनेच जनावर कापतात, पण दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर तसं लिहिलेलं नसतं. म्हणून लहान गावांत मासे, अंडी, डाळभात. आम्ही शाफई, प्रवासात जोहर-असर एकत्र पढायची सवलत आहेच. आणि किब्ला तिथंही पश्चिमेलाच. आपल्याकडे तो किंचित उत्तरेकडे कलतो, तिथं किंचित दक्षिणेकडे.

अडलं ते क्राइस्टचर्चपाशी.

बेटाची फेरी तिथूनच सुरू होते. टेकापो सरोवर, मग ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी, ज्यावर एव्हरेस्टच्या आधी, १९४८ मध्ये हिलरी चढले होते. पुढे क्वीन्सटाउन, मिलफर्ड, वानाका, हास्टची खिंड, पश्चिम किनाऱ्याच्या हिमनद्या आणि आर्थर्स पास ओलांडून पुन्हा क्राइस्टचर्च. पण याच शहरात १५ मार्च २०१९ रोजी, जुम्म्याच्या दिवशी, अल नूर आणि लिनवुड इथल्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्यांत गुजरात, तेलंगण, केरळची माणसंही होती. अल नूरच्या दारात एका वृद्धाने मारायला आलेल्यालाच भाऊ म्हणून हाक मारली होती.

अम्मी म्हणाल्या, “नमाज पढताना मारलं तिथं कशाला जाताय? डोंगरच बघायचे तर दुसरीकडून जा.” आम्हीही मनात तेच म्हणत होतो, फक्त बोललो नव्हतो. तिसऱ्या नकाशात विमान सरळ क्वीन्सटाउनला उतरवलं. फेरी तुटली. आर्थर्स पास गेला, टेकापो आणि आओराकीला जाऊन त्याच रस्त्याने परत यावं लागणार होतं. आठवडाभर तो कागद फ्रीजवर लावलेला होता. दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

आमच्यापैकी एकीचं माहेर भिवंडीचं. एका रात्री भांडी विसळताना ती म्हणाली, “चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर रमजान ईदला आमच्याकडे कुणीच आलं नाही. आजीने शीरखुर्मा नेहमीएवढाच केला होता. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसली. लोकांचं चुकत नव्हतं, त्यांना भीती वाटत होती. पण आम्हाला वाटलं, मार आम्हीच खाल्ला आणि वाळीतही आम्हीच.”

दुसऱ्या दिवशी चौथा नकाशा काढला. गुरुवारी क्राइस्टचर्चला उतरायचं. शुक्रवारी डीन्स ॲव्हेन्यूवरच्या अल नूर मशिदीत जुम्मा पढायचा, भेटेल त्याला सलाम करायचा, तिथले मासे-भात खायचे. शनिवारी सकाळी टेकापोला निघायचं. परतीला पुन्हा तेच शहर, पुन्हा एक जुम्मा. हे आम्ही काही धाडस म्हणून करत नाही. भीती अजून आहे. फक्त तिला गाडी चालवू द्यायची नाही, एवढंच ठरवलं आहे.

अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मधाची बाटली घेऊन आल्या. मध तिथं नेता येत नाही, खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते, नाही केली तर ४०० डॉलर दंड, असं सांगितलं. त्या बाटली घेऊन आत गेल्या आणि हजहून आणलेली आपली जानमाज घेऊन आल्या. धुतलेली, घडी घातलेली.

“ही पण लिहून द्यावी लागते का?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो, आणि ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली.