नमनालाच घडाभर तेल

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं पहिलं वाक्य इंग्रजीत होतं आणि त्याचा अर्थ होता, भारत हा कृषिप्रधान देश आहे. ही बातमी पहिल्यांदाच कळतेय असा परीक्षक देशात मिळाला नसता.

विषय होता वाळवा तालुक्यातला ऊस आणि ठिबक सिंचन. पण प्रास्ताविकात भारतानंतर हरितक्रांती आली, मग पंचवार्षिक योजना, मग महाराष्ट्राचं ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, मग सांगली जिल्ह्याच्या चतुःसीमा. वाळवा उगवला एकोणिसाव्या पानावर. माझा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता.

मी मराठी माध्यमाचा, इंग्रजीची धास्ती. म्हणून ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले जुने प्रबंध उघडले, त्यांतली वाक्यं घेतली, एखादं क्रियापद बदललं आणि गोधडी शिवली. कच्चा खर्डा उचलेगिरीसाठी तपासला तर साम्य २७ टक्के. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे ४०पर्यंत प्रबंध दुरुस्तीला परत येतो. तपासणीच्या अहवालात माझं सगळ्यांत रंगलेलं प्रकरण होतं पहिलंच.

कळस म्हणजे ‘या विषयावर आजवर संशोधन झालेलं नाही’ असंही ठोकून दिलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी माझ्यासमोरच ‘शोधगंगा’वर दोन शब्द टाकले. ठिबकवरचे प्रबंध एकाखाली एक येऊ लागले. त्यांतल्या दोन प्रबंधांतली वाक्यं तर मीच उचलली होती.

“इंग्रजी कच्चं आहे, मॅडम.”

“मग मराठीत सांगा. नेमकं काय शोधताय?”

मी सुरुवात केली, “भारत हा...” आणि थांबलो. मराठीतही माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी जॉन स्वेल्स यांचं १९९० सालचं ‘जॉनर अ‍ॅनॅलिसिस’ हातात दिलं. शोधनिबंधांची प्रास्ताविकं तपासून स्वेल्स यांनी त्यांत तीन टप्पे दाखवले आहेत: आधी विषयाचं क्षेत्र दाखवा, मग त्यातली रिकामी जागा दाखवा, मग ती तुम्ही कशी भरणार ते सांगा. माझी सगळी पानं पहिल्याच टप्प्यात खर्ची पडली होती.

रिकामी जागा सापडली ती माझ्याच सर्वेक्षणाच्या वहीत. एक शेतकरी म्हणाले होते, “ठिबकनं पाणी वाचलं, मग त्याच पाण्यावर आणखी एकरभर ऊस लावला.” मी वाचलेले अभ्यास एकरी पाणी मोजत होते. ठिबक आल्यावर अख्ख्या शेताचं पाणी घटतं की उसाचं क्षेत्र वाढतं, हा माझा प्रश्न झाला.

मग सगळे निष्कर्ष हाती आल्यावर, अगदी शेवटी, प्रास्ताविक नव्यानं लिहिलं. नऊ पानं झाली. प्रश्न दुसऱ्याच पानावर होता. इंग्रजी साधंच राहिलं. व्हायव्हात परीक्षकांनी ‘अ’ आणि ‘द’च्या चुका दाखवल्या, नेमकं काय शोधलंत, हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही.