कोपऱ्यातली ट्राम

कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाउससमोर उभं राहून घोड्यांच्या लिदीचा वास कल्पनेत आणणं तसं हास्यास्पदच. तरी मी प्रयत्न केला. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीचं बस्तान इथेच होतं. तिच्या पदरी ९०० घोडे. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट वगैरे भानगड नाही.

मोबाइलमध्ये जुनी छायाचित्रं भरून निघालो होतो. फोटो काढणारा जिथे उभा राहिला असेल तिथे उभं राहायचं आणि ट्रामच्याच वाटेने दादर गाठायचं, एवढाच बेत. ही छायाचित्रं ट्रामची नाहीतच. कोणी फ्लोरा फाउंटन टिपायला गेला, कोणी व्हीटीचा घुमट. ट्राम आपली मधेच शिरलेली. बऱ्याचदा अर्धीच, कडेला कापलेली, नाहीतर चालता चालता पुसट झालेली. मला मात्र इमारतींपेक्षा या आगंतुकांतच जास्त रस वाटतो. फोटोचं वयही त्याच सांगतात. घोडे दिसले तर १९०७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ७ मे रोजी विजेची ट्राम आली. दुमजली ट्राम असेल तर १९२० किंवा त्यानंतरचा. बस दिसली तर १९२६ च्या अलीकडचा. दगडी इमारत बिचारी साठ वर्षं तशीच. तिच्यावरून काय ओळखणार?

हुतात्मा चौकात बराच वेळ रेंगाळलो. १८६४ चं कारंजं फोटोत रुळांच्या जाळ्यात उभं आहे. त्याच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखाली खरोखरच ट्रामचे रूळ सापडले. काढून नेण्याऐवजी वर डांबर ओतून मोकळे झालेले! मुंबई महापालिकेच्या परंपरेला हे शोभतंच म्हणा.

क्रॉफर्ड मार्केटच्या मनोऱ्याचा फोटो माझ्याकडे होता, पण त्या कोनात आज उभं राहायचं तर टॅक्सीखालीच जावं लागेल. पुढे पायधुणी, भायखळा, लालबाग बसच्या खिडकीतूनच उरकलं.

दादर टी. टी.ला आता उड्डाणपूल. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम इथे थांबली. ट्राम टर्मिनस गेलं, नाव राहिलं. बसथांब्यावरच्या एका आजोबांना मोबाइलमधली ट्राम दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“चालत्या ट्राममधून उतरायचो आम्ही. तोंड गाडीच्या दिशेने ठेवायचं. उलटं उतरलात की आपटलात.”

“कधी आपटलात का?”

“घरी कळेल असा एकदाच,” म्हणाले, आणि त्यांची बस आली.