सायकल आणि मूर्च्छा

जयसिंगपूरच्या एका निवृत्त शिक्षकांची माउंटन बाइक सोळा वर्षांची झाली होती. दर रविवारी पहाटे ते तिच्यावरून कुंभोजजवळील बाहुबली डोंगरी दर्शनास जात. आता चढावर गिअर घसरत. मुलाने नव्या सायकलीचा आग्रह धरला. “माझे परिग्रह-परिमाण व्रत आहे, आहे तीच दुरुस्त करू,” असे त्यांनी सांगितले.

मेकॅनिकने साखळी मापली. नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी १२ इंच असते. ती १/८ इंचाने वाढली की मागील दातेरी चक्रेही बहुधा बदलावी लागतात. येथे तेच झाले होते. तो खर्चही त्यांनी मान्य केला असता; परंतु पॅडलच्या कण्याजवळ ॲल्युमिनियमच्या फ्रेमला केसासारखी चीर आढळली. तिथे नुसत्या वेल्डिंगचा भरवसा धरता येत नाही.

तो दशलक्षण पर्वातील उत्तम आकिंचन्याचा दिवस होता. तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच, म्हणजे आसक्तीलाच, परिग्रह म्हटले आहे, हे पाठशाळेत त्यांनीच शिकविले होते. व्रताच्या नावाखाली आपण मोहच तर जपत नव्हतो? उतारावर फ्रेम तुटती, तर वाटेवरच्या एखाद्या जीवासही इजा होती.

क्षमावाणीला त्यांनी मुलाची क्षमा मागितली आणि साधी नवी सायकल घेतली. जुनीची सुस्थितीतील चाके मेकॅनिकच्या हाती एका विद्यार्थ्याच्या सायकलीसाठी दिली. फ्रेम भंगारात गेली. घरात सायकल एकच राहिली. व्रतही राहिले.