अब्बांचं लोखंडी हरीण

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी घरात शोभेची लोखंडी वस्तू ठेवू नये, असं आमच्या रत्नागिरीत बरेच जण सांगतात. खारट हवेत जिथे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे नक्षीकाम काय टिकणार? तरीही आमच्या बैठकीच्या भिंतीवर बस्तरचं लोखंडी हरीण आहे. अब्बा नोकरीनिमित्त नागपूरला होते, तेव्हा एका हस्तकला मेळ्यातून त्यांनी ते आणलं. आता अब्बा नाहीत, हरीण आहे.

यंदाच्या पावसाळ्यात त्याच्या शिंगांवर तांबूस ठिपके उठले. घरात भाचीचं लग्न ठरलेलं. भाईजान म्हणाले, "सोनेरी ऑइलपेंट मारून टाकू, नव्यासारखं दिसेल." मी नको म्हणाले. नुसतं 'अब्बांची आठवण' म्हणून भागणार नव्हतं, कारण अब्बा त्यांचेही होते. मग मला नीट कारण सांगावं लागलं.

हे काम छत्तीसगडमधल्या कोंडागाव भागातले लोहार करतात. पूर्वी खनिजापासून लोखंड काढलं जाई, आता बरंचसं काम भंगारातल्या लोखंडावर होतं. लोखंड भट्टीत लाल करायचं आणि हातोड्याने ठोकत आकार द्यायचा. साचा नसतो, म्हणून एकासारखं दुसरं हरीण होत नाही. तापलेल्या लोखंडावर धरणारा काळसर थर हाच त्याचा रंग. त्यावर गंज धरू नये म्हणून वार्निशचा हात देतात. ऑइलपेंटचा जाड थर बसला की हातोड्याच्या खुणा बुजतात. शिवाय गंजावर मारलेला रंग टिकत नाही. गंज आतून वाढतो आणि पापुद्रे सुटतात.

मग करायचं काय? रोजच्या धुळीला कोरडा, मऊ ब्रश पुरे. सांध्यांत जुना टूथब्रश चालतो. ओलं फडकं नको. गंजाच्या ठिपक्यांपुरतीच अगदी बारीक स्टीलवूल, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन, हलक्या हाताने फिरवायची. सँडपेपर नको, त्याने काळा थरच निघून जातो. चिंच-लिंबाने तांब्याची भांडी उजळतात, पण लोखंडाचा काळेपणा आंबटाने जातो आणि सांध्यात उरलेला आंबट अंश पुन्हा गंज आणतो.

किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हवेतलं मीठ वस्तूवर बसतं आणि ओल ओढून घेतं. तेल लावून ते जात नाही. म्हणून पावसाळा सरला की एकदा गोड्या पाण्याने झटपट धुवायचं, लगेच पुसायचं आणि हेअर ड्रायरने सांधे पूर्ण कोरडे करायचे. मग मेणाच्या पॉलिशचा पातळ हात देऊन सुती कापडाने घासायचं. खोबरेल नको, त्यावर धूळ चिकटते आणि वास येतो. भिंतीला ओल असेल तर वस्तूच्या मागे रबराचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे मधून हवा खेळते.

हे ऐकून भाईजान लगेच पटले असं नाही. "एवढा खटाटोप कशाला, नवीन घेऊ," असंही म्हणाले. पण रविवारी स्वतःच ब्रश घेऊन बसले. हरणाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा जाड आहे, हे इतक्या वर्षांत प्रथम त्यांनीच दाखवलं. सोनेरी रंगाचा विषय त्यानंतर निघाला नाही. भाचीच्या लग्नात हरीण काळंच होतं.

मेळ्यात अशा वस्तूंची आपण घासाघीस करतो, घरी आणल्यावर चकाकी नाही म्हणून नाक मुरडतो. ज्याने भट्टीसमोर बसून ती घडवली, त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. त्याचं म्हणून आपल्याकडे काही असेल तर त्या हातोड्याच्या खुणा. रंगाचा डबा आणण्यापूर्वी एकदा त्यांवरून बोट फिरवून पाहा.